आंब्याची नाडी कुठं असते?

दोस्तांनो, नेरूळहून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, ‘बाई, आमच्या सोसायटीतल्या आंब्याची पानं काळी पडलीत. फांद्याही वाळतायत. मोठी माणसं म्हणतात, रोग लागलाय, पावसाळ्याच्या आत तोडून टाकू. झाड खरंच मरणार का हो?’

पत्र वाचलं आणि मला आमच्या शाळेच्या फाटकाजवळचा आंबा आठवला. दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, त्याचीही पानं अशीच काजळ फासल्यासारखी झाली होती. मी काय केलं? बादलीभर साबणाचं पाणी केलं आणि हात पोचेल तेवढी पानं धुऊन काढली! थोड्याच दिवसांत पानं पुन्हा काळी. मग चौथीच्या मुलांना घेऊन झाडाखाली गेले. म्हटलं, आता औषध नको, पाणी नको. आधी नुसतं बघू या.

एकीनं ओलं बोट पानावर घासलं. काळा थर बोटाला आला आणि खाली पान हिरवंगार! म्हणजे काजळी पानात शिरलेली नव्हती, वर साचली होती. ती असते एक बुरशी. ती तिथं का येते? गोड खायला मिळतं म्हणून! आम्ही एक फांदी हलवली तर तडतड आवाज करत बारकेबारके किडे उडाले. हेच तुडतुडे. ते मोहराचा आणि कोवळ्या पालवीचा रस पितात आणि जास्तीचा गोड रस थेंबाथेंबानं खालच्या पानांवर टाकतात. त्या चिकट्यावर बुरशी वाढते. मी धूत बसले होते काजळी, आणि चोर बसला होता वर!

तुडतुड्यांना दाट, कोंदट झाड आवडतं. म्हणून आतल्या गर्दीच्या फांद्या विरळ करून ऊन आत येऊ द्यायचं. मोहरावर पांढरं पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं तर ती भुरी, तिच्यावर गंधक वापरतात. कोवळ्या पानांवर तपकिरी ठिपके पडले आणि पुढं त्यांची भोकं झाली तर तो करपा. दमट हवेत तो जोर करतो, आणि आपल्या खाडीकाठच्या हवेबद्दल मी काय सांगावं! फवारणीचं काम मात्र जाणत्या माळ्याचं. तुम्ही औषधाच्या बाटलीला हात लावायचा नाही, समजलं?

पण फांद्या वाळत होत्या त्या या कशानंही नाही. ते ओळखलं वर्गातल्या सगळ्यात बडबड्या मुलानं. त्याच्या आजोबांची गुहागरला कलमं आहेत. तो बुंध्याशी वाकला आणि ओरडला, “बाई, भिरूड!” सालीला एक भोक होतं आणि खाली लाकडाचा भुसा पडलेला. भिरूड म्हणजे मोठ्या मिशांच्या भुंग्याची अळी. ती खोडाच्या आत लाकूड पोखरत जाते.

आता ती आत जिवंत आहे की कधीच निघून गेली, हे कसं कळणार? आम्ही भुसा झाडून साफ केला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच सगळे झाडापाशी! ताजा भुसा पडला होता. मग माळीमामांनी तारेचा आकडा भोकात घालून अळी ओढून काढली. चांगली बोटाएवढी, पिवळसर पांढरी. भोकात औषधाचा बोळा घातला आणि वरून चिखल लिंपला. वाळलेली फांदी कापली आणि कापल्या जागी मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली.

बोर्डो हे नाव फ्रान्समधलं बरं का! तिथले द्राक्षवाले वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळं मिश्रण मारत. त्याच वेली रोगातून वाचल्या, हे मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. १८८५ मध्ये त्यानं हा उपाय जगाला सांगितला.

अजून एक गोष्ट राहिलीच. आदल्या वर्षी अंगणात फरशा बसवल्या होत्या, त्या अगदी खोडाला चिकटून! मुळांना पाणी लागतं, तशी हवाही लागते. असं गुदमरून अशक्त झालेलं झाड किडीला लवकर सापडतं. मुख्याध्यापकांना सांगून खोडाभोवतीच्या हातभर फरशा काढायला लावल्या. कुरकुर झाली, पण निघाल्या. खरं तर त्या आणखी लांबपर्यंत काढायला हव्या होत्या, कारण पाणी शोषणारी बारीक मुळं थेट फांद्यांच्या सावलीच्या कडेपर्यंत पसरलेली असतात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा झाडाला तांबूस पालवी होती. दोन फांद्या मात्र गेल्या त्या गेल्याच.

तेव्हा मैत्रिणी, रविवारी ओलं बोट घेऊन पानं तपास. मग खाली बसून बुंधा बघ, भुसा दिसला तर झाडून टाक आणि सोमवारी सकाळी पुन्हा जा. आणि सोसायटीतल्या काकांना सांग, शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९७५ पासून महाराष्ट्रात तसा कायदाच आहे. परवानगीचा अर्ज जाण्याआधी त्यांनाही तुझ्याबरोबर झाडाखाली ने. सोमवारी भुसा होता की नाही, ते मला लगेच कळव.