मुलाम्याची किंमत

मुलामा हा शब्द आपल्या भाषेंत निंदेचाच होऊन बसला आहे. पितळेवर सोन्याचें पाणी चढवून जो तें सोनें म्हणून विकतो, त्यास आपण लबाड म्हणतों. परंतु घरांतील पितळेच्या पातेल्यास दिलेली कल्हई हाही एक मुलामाच नव्हे काय? ती शोभेसाठीं नसते; आंबट आमटी कळकूं नये म्हणून असते. तेव्हां मुलामा बरा कीं वाईट हें तो कशासाठीं चढविला यावरून ठरवावें. सूर्य व वारा यांपासून मिळणारी वीज सांठविण्याच्या कामीं मौल्यवान धातूंच्या मुलाम्यास सध्यां जें महत्त्व आलें आहे, त्याचाही विचार याच दृष्टीनें केला पाहिजे.

सूर्य मावळतो, वारा पडतो, आणि दिवा तर रात्रींच हवा असतो. म्हणून उरलेल्या विजेनें पाण्याचें पृथक्करण करून हायड्रोजन सांठवावा व पुढें त्यापासून पुन्हां वीज घ्यावी, अशी एक योजना आहे. ही क्रिया नवी नाहीं. इ. स. १८०० मध्यें लंडन येथें निकल्सन व कार्लाइल या दोघां गृहस्थांनीं व्होल्टाच्या नव्या विद्युत्घटास जोडलेल्या तारा पाण्यांत सोडल्या. तारा पितळेच्या होत्या तेव्हां एकीपाशीं हायड्रोजनचे बुडबुडे आले, पण दुसरी तार झिजूं लागली. ऑक्सिजन तिलाच खाऊं लागला. प्लॅटिनमच्या तारा घालतांच दोन्ही वायु मोकळे झाले. सव्वादोनशें वर्षें लोटलीं तरी अडचण तीच, व उपायही पुष्कळसा तोच आहे.

आजच्या एका प्रकारच्या यंत्रांत आम्लधर्मी पातळ पडदा असतो. त्याच्या ऑक्सिजनच्या बाजूस आम्ल, विजेचा दाब व ऑक्सिजन हे तिन्ही शत्रु एकत्र येतात. तेथें टिकून काम करणारा धातु म्हणजे इरिडियम. दुसऱ्या बाजूस प्लॅटिनमनें भागतें. टायटॅनियमचे पत्रे तेथें झिजून जात नाहींत खरे, पण त्यांवर ऑक्साइडची जी साय धरते ती विजेस नीट वाट देत नाहीं. म्हणून त्यांस प्लॅटिनमचा किंवा सोन्याचा, केसाच्या जाडीच्या सुमारें शंभराव्या हिश्शाइतका पातळ मुलामा देतात. ही खरोखर कल्हईच होय.

परंतु कल्हईचें कथील बाजारांत हवें तेवढें मिळतें. इरिडियमचें तसें नाहीं. स्मिथसन टेनंट यानें १८०३ सालीं शोधलेला हा धातु साऱ्या जगांत वर्षाकांठीं अवघा सात-आठ टन निघतो, आणि त्यांतील सुमारें चार पंचमांश एकट्या दक्षिण आफ्रिकेंतून येतो. तोही प्लॅटिनमच्या खाणींत अनुषंगानें मिळणारा. म्हणून भाव चढला तरी पुरवठा फारसा वाढत नाहीं. २०२० च्या आरंभीं एका औंसास सुमारें १,५०० डॉलर असलेला भाव २०२१ मध्यें ६,००० च्या वर गेला.

आपल्या सरकारनें जानेवारी २०२३ मध्यें हरित हायड्रोजनची राष्ट्रीय मोहीम मंजूर केली. २०३० पर्यंत वर्षास ५० लक्ष टन हें तिचें ध्येय ठरलें. विद्यार्थ्यांनीं पुढील गणित स्वतः करून पाहावें. एक किलो हायड्रोजनला सुमारें ५२ युनिट वीज लागते. म्हणजे यंत्रें वर्षभर अहोरात्र चालविलीं तरी सुमारें ३० गिगावॉटचीं यंत्रें हवींत. सर्वच यंत्रें याच प्रकारचीं घेतलीं, व जुन्या प्रमाणानें एका गिगावॉटला ४०० किलो इरिडियम धरिलें, तर १२ टन झालें. साऱ्या जगाच्या वर्षाच्या उत्पन्नाहून अधिक!

कोणी म्हणतात, मुलामा टाकूनच द्या. कल्हईचे पैसे वांचवून अन्न नासविण्यासारखें हें आहे. यंत्र लवकर निकामी होईल व वांचविलेलें दामदुपटीनें जाईल. कोणी म्हणतात, भाव उतरेपर्यंत वाट पाहा. ही आळशाची आशा होय. आमचें मत असें कीं, असा धातु जेथें त्यावांचून गत्यंतर नाहीं तेथेंच, व लागेल तितकाच वापरावा. क्षारीय द्रावणाचीं यंत्रें निकेलवर चालतात. वीज एकसारखी मिळते तेथें तींच बरीं. विजेचे चढउतार क्षणोक्षणीं सोसावयाचे असतील तेथें आम्लपडद्याचीं घ्यावीं, आणि यंत्र जीर्ण झाल्यावर, झारेकरी सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन सोनें काढतो तसा, त्यांतील धातु कण न् कण परत काढावा.

एका रात्रीपुरती वीज सांठवावयाची तर हायड्रोजन म्हणजे नाकापेक्षां मोतीं जड. त्या मार्गानें गेलेल्या विजेचा जेमतेम तिसरा हिस्सा परत येतो. सह्याद्रींत घाटघर येथें २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे. तेथें रिकाम्या वेळच्या विजेनें पाणी वर चढवून मागणीच्या वेळीं खालीं सोडण्याची योजना आहे. या रीतीनें सुमारें तीन चतुर्थांश वीज परत मिळते, व इरिडियमचा कणही लागत नाहीं. हायड्रोजन खत, पोलाद आणि महिनोन् महिन्यांचा सांठा यांसाठींच राखावा.

आमच्या प्रयोगशाळेंत दरवर्षीं मुलें तांब्याच्या तारांनीं पाण्याचें पृथक्करण करूं पाहतात, आणि एक तार हिरवी पडली कीं प्रयोग फसला म्हणून खट्टू होतात. तो फसलेला नसतो. मोठमोठे कारखाने ज्या प्रश्नापाशीं अडले आहेत, तोच त्यांच्या कांचपात्रांत दिसत असतो. आणि थोड्या इरिडियमवर किंवा एखाद्या साध्या धातूवर तें काम भागविण्याची युक्ति अशाच एखाद्या मुलास वा मुलीस सुचावयाची आहे. म्हणून पालकांस एवढीच विनंति कीं, आपलें मूल तसली तार घरीं घेऊन आलें तर ती फेकूं नये. ती हिरवी कां झाली, हें त्यास विचारावें.