अडलेला गाळा

बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत विजेच्या सामानाची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. इमारतीचा पत्ता एकच असला, तरी प्रत्येक पेढीचा गाळा क्रमांक निराळा असतो आणि एका गाळ्यात एका वेळी एकच पेढी बसते. संगणकाची रचनाही अशीच आहे. नेटवर्कवर त्याचा पत्ता एक; त्यातील क्रमांकित गाळे म्हणजे ‘पोर्ट’. हे क्रमांक ६५५३५ पर्यंत जातात. ‘टॅली’चा ठरलेला पोर्ट ९००० हा आहे. बिले करणारा दुसरा प्रोग्राम आपल्या नोंदी टॅलीकडे धाडतो, त्या बहुधा याच दाराने.

दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ची मुदत पुढील महिन्याच्या ११ तारखेला संपते. १० तारखेच्या सायंकाळी नोंदी जाईनाशा झाल्या, की पेढीवर घालमेल सुरू होते. अशा वेळी यंत्र बिघडलेलेच असते असे नाही. ९००० क्रमांकाचा गाळा दुसऱ्या कोणी अडवलेला असू शकतो.

तो कोणी अडवला, हे शोधणे अवघड नाही. विंडोज संगणकावर ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडून ‘नेटवर्क’ या भागातील ‘लिसनिंग पोर्ट्स’ ही यादी पाहावी. ९००० या आकड्यासमोर प्रोग्रामचे नाव आणि त्याचा ओळख क्रमांक, म्हणजे ‘पीआयडी’, दिसतो. मग ‘टास्क मॅनेजर’च्या ‘डिटेल्स’ पानावर तोच पीआयडी शोधला, की तो प्रोग्राम कोणत्या वापरकर्त्याच्या नावावर चालू आहे, तेही कळते. तेथेच ‘एंड टास्क’ हे बटण आहे.

हात आवरायचा तो नेमका याच ठिकाणी. अडवणारा बहुतेक वेळा परका नसतो. सकाळी मुनीमजींनी आपल्या नावाने टॅली उघडलेली असते. दुपारी ते ‘साइन आउट’ न करताच उठतात आणि दुसरा कोणी आपल्या नावाने संगणक वापरू लागतो. पहिली टॅली आत जागीच राहते. तिला बळाने तोडले, तर अर्धी भरलेली नोंद नाहीशी होते. नेमके त्याच क्षणी लिखाण चालू असेल, तर हिशेबाच्या फायलींनाही इजा पोहोचू शकते. म्हणून मुनीमजींना विचारावे, त्यांच्या खात्यात शिरून नोंद पूर्ण करावी आणि टॅली रीतसर बंद करावी. समोर ‘सिस्टिम’ हे नाव, पीआयडी ४, दिसल्यास त्याला मुळीच हात लावू नये.

बंद केलेला प्रोग्राम पुन्हा आपोआप सुरू होत असेल, तर त्याच्याशी झुंजण्यात अर्थ नाही. टॅलीच्या ‘कनेक्टिव्हिटी’ सेटिंगमध्ये ९००१ सारखा मोकळा क्रमांक द्यावा आणि बिलाच्या प्रोग्रामलाही तो कळवावा. अन्यथा नोंदी जुन्याच दारावर थाप मारत राहतील.

गाळा अडला म्हणून आतला माल रस्त्यावर फेकणारा व्यापारी शहाणा ठरत नाही. तो आधी विचारतो, माल कोणाचा?