वायरी गुंडाळणारा मुलगा

मागच्या महिन्यात आमच्या आपाचा फोन आला. आवाजावरूनच कळले की काहीतरी बिनसले आहे. तिच्या मुलासाठी एका घरी बोलणे चालले होते. मुलगी डी.एड. झालेली, घरचे लोक सभ्य, सगळे जुळत आले होते. आणि परवा मध्यस्थ बाईंनी निरोप आणला, "त्यांचं म्हणणं, मुलगा कार्यक्रमांत वायरी गुंडाळतो. चार लोकांत जावई काय करतो म्हणून सांगायचं?"

आपाला रडू आवरत नव्हते. आम्ही तिची समजूत घातली, पण फोन ठेवल्यावर आमच्याच मनाला टोचणी लागली. कारण दोन वर्षांपूर्वी हेच शब्द आमच्या तोंडून गेले होते. भाचा बी.कॉम. झाला आणि साउंड भाड्याने देण्याच्या धंद्यात पडला, तेव्हा आम्ही त्याला समोर बसवून ऐकवले होते, "वायरीच गुंडाळायच्या होत्या तर कॉलेजची फी कशाला भरली?" तो नुसता हसला होता. उलट बोलला नाही. न पाहिलेल्या कामावर निकाल देऊ नये, एवढे तरी इतकी वर्षे मुलांचे पेपर तपासणाऱ्याला कळायला हवे होते.

म्हणून ठरवले, एक दिवस त्याच्याबरोबर जायचे. शनिवारी तालुक्याच्या गावी एका संस्थेचा गझल आणि कव्वालीचा कार्यक्रम होता. "खाला, तुम्ही? टेम्पोत?" असे म्हणून तो आमच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "चला. पण दुपारी दोनला निघायचं, आणि परत यायला रात्रीचा एक वाजेल."

गाण्याबजावण्याविषयी आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत. तो वाद आज इथे नको. माइक आणि वायर मिलादच्या जलशाला लागते, शाळेच्या स्नेहसंमेलनाला लागते आणि लग्नाच्या मांडवातही लागते. आज सांगायचे आहे ते त्या वायरीमागच्या हातांबद्दल.

आपाच्या घराची पुढची खोली म्हणजे त्याचे गोदाम. आम्हाला वाटले होते, वायरींचा गुंताडा दिसेल. प्रत्यक्षात भिंतीला लागून प्लास्टिकचे मोठे डबे ओळीने मांडलेले होते. एकात माइकच्या वायरी, दुसऱ्यात स्पीकरच्या, तिसऱ्यात विजेच्या, चौथ्यात लहानसहान पिना, सेल, चिकटपट्टी, टेस्टर, पक्कड. प्रत्येक झाकणाच्या आत कागद चिकटवलेला : काय, किती नग. प्रत्येक वायरीच्या टोकाला रंगीत पट्टी होती. लाल म्हणजे पाच मीटर, पिवळी म्हणजे दहा, निळी म्हणजे वीस. "अंधारात मोजत कोण बसणार? रंग बघायचा आणि उचलायची," तो म्हणाला. आठ माइक लागणार असतील तर वायरी दहा घ्यायच्या. स्टेजवर एक वायर गेली, तर ती तिथे दुरुस्त करत बसता येत नाही, बदलावी लागते.

मग त्याने आम्हाला वायर गुंडाळून दाखवली. आपण सगळे काय करतो? तळहात आणि कोपर यांच्यामध्ये वायर भराभर फिरवतो आणि शेवटच्या टोकाने घट्ट गाठ मारतो. त्याने आमच्या हातातून ती अक्षरशः काढून घेतली. माइकच्या वायरीत दोन बारीक तारा असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या केसासारख्या धाग्यांची जाळी असते. कोपरावरच्या प्रत्येक फेऱ्यात वायरीला एक पीळ बसतो, आणि सगळे पीळ एकाच दिशेचे. वरचे रबर शाबूत दिसते, आत मात्र धागे एकेक करून तुटत जातात. म्हणून वायरीचा कल बघून फूट-दीड फुटाचे सैल वेढे घ्यायचे. एक वेढा सरळ, पुढचा मनगट वळवून आतल्या बाजूने उलटा. सरळ वेढ्याने दिलेला पीळ उलट्या वेढ्याने निघून जातो. मग टोक धरून वायर फेकली की ती गाठ न पडता सरळ पसरते. एकच पथ्य : टोक वेढ्यांच्या मधून जाऊ द्यायचे नाही. गेले, की ओढताना गाठींची माळ तयार. शेवटी गाठीऐवजी चिकटणाऱ्या पट्ट्याचा हलका बंद.

हे ऐकताना आम्हाला आमच्या शाळेतला एक प्रसंग आठवला आणि चेहरा उतरला. तीन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनात आठवीची एक मुलगी नज्म म्हणायला उभी राहिली. महिनाभर तयारी केली होती. दुसऱ्या ओळीला माइक बंद पडला. क्षणभर चालू, पुन्हा बंद. मागची मुले हसली. ती थोडा वेळ ओठ हलवत उभी राहिली आणि खाली उतरली. पुढच्या वर्षी कितीही सांगितले तरी तिने नाव दिले नाही. आम्ही त्या दिवशी माइक लावणाऱ्याला चारचौघांत बोललो होतो. वायर मात्र शाळेची होती, आणि दर वर्षी ती कोपरावर गुंडाळून कपाटात कोंबणारे आम्हीच होतो.

टेम्पो भरण्याचीही एक रीत आहे. जे आधी लागते ते शेवटी चढवायचे. पंधरा इंची स्पीकरच्या पेट्या दोघांनी मिळून उचलल्या, खोळी घालून केबिनला टेकवल्या आणि पट्ट्याने आवळल्या. कमरेतून न वाकता गुडघ्यात वाकायचे, हे तो मदतनीस मुलाला दर वेळी बजावत होता. मधे मिक्सर, सपाट आणि वर काहीही न ठेवता. दाराशी स्टँड आणि वायरींचे डबे, कारण उतरल्यावर पहिले काम त्यांचेच.

वाटेत कव्वालांकडची वाद्ये घेतली. हार्मोनियमचा भाता बंद करून कडी लावलेली आहे ना, हे त्याने स्वतः पाहिले. तबला-डग्गा गादीच्या पिशव्यांत, चुंबळींसकट. चामड्याला ऊन आणि दमट हवा दोन्ही सोसत नाही. बंद टेम्पोत उन्हात तबला ठेवला तर चढलेला सूर रात्री हातोडीला दाद देत नाही. आमचे गाव मिरजेपासून तासाभरावर. तिथले सतारमेकर भोपळ्याचा तानपुरा परगावी पाठवताना किती जपतात, हे आम्ही लहानपणापासून पाहिले आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा शाळेत आम्ही पेढे वाटले होते. वाद्य घडवणाऱ्याचे कौतुक केले. ते सुखरूप पोचवणाऱ्याचे नाव आम्हाला सुचलेसुद्धा नाही.

चार वाजता मैदानावर पोचलो. स्टेज बांधून तयार होते. पुढचा तासभर तो बोललाच नाही. विजेची वायर स्टेजच्या एका बाजूने, माइकच्या वायरी दुसऱ्या बाजूने. शेजारी शेजारी लांबवर नेल्या, तर विजेची घरघर आवाजात उतरते. एकमेकींना ओलांडायचेच असेल तर काटकोनात. विजेच्या वायरीचे रीळ त्याने पूर्ण उलगडले. थोडीच वायर लागते म्हणून बाकीची रिळावर ठेवली, तर भार वाढल्यावर ती आतल्या आत तापते. लोक जिथून ये-जा करतील तिथे वायर जमिनीला चिकटवून वर पायपुसणे टाकले. बायकांच्या बैठकीकडे जाणारी वाट त्याने आम्हाला चालून बघायला सांगितली : "म्हाताऱ्या माणसांचा, लहान मुलांचा पाय अडकता कामा नये."

आणि मग काम थांबले. स्टेजजवळच्या बोर्डातून वीज घ्यायची होती. त्याने बल्ब जोडलेल्या दोन तारा काढल्या. फेज आणि न्यूट्रलला लावल्या, बल्ब लागला. फेज आणि अर्थिंगला लावल्या. बल्ब लागला नाही. पुन्हा लावल्या. नाहीच. बोर्डाला तीन भोके होती, पण अर्थिंगची तार आत कुठे जोडलेलीच नव्हती. त्याने सांगितले, "इथून मी लाइन घेणार नाही."

संयोजक आले. "सगळे कार्यक्रम याच बोर्डावर होतात. आजवर काही झालं नाही." तो म्हणाला, "मशिनमध्ये बिघाड होऊन वीज पत्र्यात उतरली आणि अर्थिंग नसलं, तर ती वायरीतून माइकच्या जाळीपर्यंत येते. गाणाऱ्याचे ओठ जाळीला असतात, दुसरा हात हार्मोनियमवर असतो, कधी लोखंडी स्टँडवर." संयोजकांचा आवाज चढला. पाहुणे यायची वेळ झाली होती. ते म्हणाले, "तू वायरी जोडणारा ना? मग जोड. नाहीतर पैसे मिळणार नाहीत."

आम्ही दहा हातांवर खुर्चीत बसलो होतो. ते गृहस्थ आम्हाला ओळखत होते. बाई म्हणून मान देत होते. आमचा एक शब्द पुरला असता. पण कार्यक्रम लांबेल, चारचौघांत वाद होईल, या संकोचाने आम्ही गप्प बसलो. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवे.

भाच्याने आवाज चढवला नाही. त्याने बल्ब संयोजकांच्या हातात दिला आणि तारा स्वतः धरून पुन्हा लावून दाखवल्या. मग मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या कार्यालयात जाऊन तिथला बोर्ड तपासला. तिथे बल्ब दोन्हीकडे लख्ख लागला. तिथून वायर आणायची म्हणजे दोन रिळे लागणार होती. टेम्पोत तीन होती. वायर झाडांवरून उंच नेऊन बांधेपर्यंत कार्यक्रमाला पाऊण तास उशीर झाला.

त्या उशिराची किंमत पडली. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे उघड्या मैदानावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर लावता येत नाही. सरकारने सूट दिलेले मोजके दिवस सोडले, तर हा नियम सर्वांना सारखा. दहाला पाच मिनिटे असताना भाच्याने खूण केली आणि वयोवृद्ध कव्वालांची शेवटची चीज राहून गेली. लोक हळहळले. दोघे-तिघे जाता जाता त्यालाच बोलून गेले. त्याने मान खाली घालून ऐकून घेतले, आणि आधी ॲम्प्लिफायर, मग मिक्सर बंद केला. चालू करताना याच्या उलट. नाहीतर स्पीकरला धक्का बसतो.

लोक घरी गेले तरी त्याचे काम निम्मेच झाले होते. दमलेल्या हातांनी प्रत्येक वायर ओल्या फडक्याने पुसत, सरळ-उलट वेढे घेत डब्यात गेली. झाकणावरच्या कागदाप्रमाणे मोजणी झाली. एक पिवळी कमी. मदतनीस म्हणाला, "उद्या फोन करून विचारू." भाचा टॉर्च घेऊन परत गेला आणि सतरंजीखालून ती काढून आणली. एका वायरीचा आवाज मधे तुटला होता. तिला त्याने गाठ मारून वेगळ्या पिशवीत टाकले. ती दुरुस्त झाल्याशिवाय डब्यात परत जाणार नाही.

परतताना आम्ही त्याला म्हणालो, "बेटा, आम्ही बोलायला हवं होतं." तो म्हणाला, "तुम्ही बोलला असता तर त्यांना वाटलं असतं, घरचं माणूस घेऊन आलाय. बल्ब बोलला ते बरं." पैशांचे विचारले. निम्मे मिळाले होते, निम्मे "बघू" म्हणाले होते.

एक वाजून गेला होता. आपा जागीच होती. तव्यावर भाकरी गरम करत होती. आम्ही तिला सगळे सांगितले. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "मला कुठं माहीत होतं हे? मी तर लोकांना सांगायचे, इलेक्ट्रिकचं काहीतरी बघतो." म्हणजे आईलाही ते काम नीट सांगता येत नव्हते. मग मुलीकडच्यांना दोष कसा द्यायचा? आपल्या मुलांची मिळकत आपण विचारतो, कामाची वेळ विचारतो; पण तू नेमके काय करतोस, दाखव पाहू, असे किती घरांत विचारले जाते?

येत्या रविवारी आम्ही त्या मुलीच्या घरी जाणार आहोत. आग्रह करायला नाही. जे पाहिले ते सांगायला. होकार येईल की नाही ते अल्लाह जाणे.

सोमवारी शाळेचे कपाट उघडले. माइकच्या नऊ वायरी निघाल्या. भाच्याने तपासल्या तेव्हा चार आतून तुटलेल्या होत्या. उरलेल्या पाच घेऊन नववीच्या वर्गात गेलो आणि सरळ वेढा, उलटा वेढा शिकवला. आमचा हात अजून चुकतो. मागच्या बाकावरच्या दोन मुलींना मात्र तिसऱ्या खेपेलाच जमले. कपाटाची किल्ली आता त्यांच्याकडे आहे, आणि झाकणावरची यादीही त्यांच्याच अक्षरात.