विश्लेषण : जुन्या पद्मिनीचे सस्पेन्शन ‘अपग्रेड’ करावे की पूर्ववत?

मुंबईतील अखेरची नोंदणीकृत काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सेवेतून बाहेर पडली. टॅक्सी गेल्या, पण खासगी मालकीच्या पद्मिनी अजून आहेत आणि हौसेने पुन्हा रस्त्यावर आणल्याही जात आहेत. अशा गाडीवर पहिला खर्च होतो रंगावर, दुसरा आसनांवर. मग गाडी रस्त्यावर येते तेव्हा ती डोलते, खडखडते, एका बाजूला ओढते. ‘यापेक्षा सस्पेन्शनच बदलून टाका’ हा सल्ला तेव्हा हमखास मिळतो. तो बहुतेक वेळा चुकीचा आणि काही वेळा धोकादायक असतो.

मूळ रचना कशी आहे?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनवायला घेतली. तीच पुढे १९७४ मध्ये पद्मिनी झाली. तिची पुढची दोन्ही चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात. प्रत्येक चाकामागे वर आणि खाली एकेक विशबोन, म्हणजे त्रिकोणी भुजा, कॉइल स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर असतो. चाक डावी-उजवीकडे वळते ते किंगपिन या उभ्या खिळीवर. मागे अखंड ॲक्सल असून तो पाट्यांवर बसवलेला आहे. समकालीन ॲम्बेसेडरच्या पुढच्या बाजूला कॉइल स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा टॉर्शन बार होता. दोघींची घडण वेगळी, पण आपल्या खड्ड्यांशी दोघींनीही अनेक दशके जुळवून घेतले.

हिसका स्प्रिंग सोसते आणि त्यानंतरची उसळी शॉकॲब्सॉर्बर जिरवतो. गाडी खड्ड्यातून गेल्यावर तीन-चारदा हेलकावत असेल तर दोष बहुधा स्प्रिंगचा नसून शॉकॲब्सॉर्बरचा असतो. तरीही अनेक ठिकाणी पहिल्यांदा स्प्रिंगच बदलली जाते.

मग बिघडलेले असते काय?

बहुतेकदा रबर आणि किंगपिन. पाट्यांच्या टोकांतले रबरी बुश वर्षानुवर्षे उभ्या गाडीतही कडक होऊन तडकतात. धातूवर धातू आपटू लागला की खडखड सुरू होते. किंगपिनची गोष्ट अधिक गंभीर. तिला ठरावीक काळाने ग्रीस द्यावे लागते. नव्या गाड्यांना ही गरज राहिलेली नाही, त्यामुळे ती सवयही गेली. कोरडी राहिलेली किंगपिन झिजते, चाक थरथरू लागते, ब्रेक दाबल्यावर गाडी भलतीकडे जाते.

याची चाचणी मालकालाही करता येते. गाडी सपाट जमिनीवर जॅकने उचलून स्टँडवर टेकवावी. घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी चाक धरून हलवावे. हलते आहे असे वाटले तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले तर ढिलाई चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे. तरीही हलत राहिले तर किंगपिन किंवा विशबोनचे जोड झिजले आहेत. हे न बघता नवे शॉकॲब्सॉर्बर आणि रुंद टायर घालणे म्हणजे रोग तसाच ठेवून कपडे नवे शिवणे.

पूर्ववत करताना कुठे चुकते?

पद्मिनीला वेगळी चासी नाही. गाडीचे पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. त्यामुळे पाटे जिथे अडकवले आहेत तिथला पत्रा मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत गंजला असेल, तर वरचे सगळे नवे सामान निरर्थक ठरते. आधी खाली झोपून ती जागा टोकदार पेचकसाने टोचून पाहावी. रंगाखाली लपवलेली लांबी-पुट्टी तिथे लगेच उघडी पडते.

पाटे बसले असतील तर ते सुटे करून, गंज काढून, जाणत्या कारागिराकडून त्यांना पुन्हा कमान देऊन घेता येते. त्या वेळी एकही जादा पाटा घालू नये. टॅक्सींच्या डिकीत सीएनजीची जड टाकी असे. घरच्या गाडीत ती नाही. मागची बाजू विनाकारण कडक केली की रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर उड्या मारते. आणखी एक चूक दिसत नाही, पण महाग पडते. रबरी बुशचे नट गाडी जॅकवर लटकत असतानाच आवळले जातात. गाडी खाली आली की रबर पिळलेलेच राहते आणि लवकर फाटते. शेवटचा आवळा नेहमी गाडीचे वजन चाकांवर असतानाच द्यायचा.

सुधारणा करूच नये का?

करावी, पण परत काढता येईल अशी. चांगल्या प्रतीचे शॉकॲब्सॉर्बर आणि चारही चाकांना एकाच मापाचे रेडियल टायर या दोन गोष्टींनी पद्मिनीत खरोखर फरक पडतो. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात, पण रस्त्याचा प्रत्येक कंप ते आत पोहोचवतात. कुटुंबासह रविवारी बाहेर पडणाऱ्या गाडीला ते कशाला हवेत?

गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून गॅसकटरने कॉइल कापणे मात्र अक्षम्य आहे. कापलेली स्प्रिंग आखूड होते आणि वेढे कमी झाल्याने कडकही होते. चाकाला वर जायला जागा उरत नाही आणि ज्योतीच्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते. याच्या उलट, गाडी उंच दिसावी म्हणून वेढ्यांमध्ये रबरी ठोकळे कोंबले जातात. तेही स्प्रिंगचे कामच बंद पाडतात. दुसऱ्या गाडीचे अख्खे पुढचे सस्पेन्शन कापून वेल्ड करणारेही आहेत. हौस समजण्यासारखी आहे. पण कापलेला पत्रा पूर्वीसारखा होत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका उचलून धरली. झिजलेला भाग तशाच भागाने बदलणे ही दुरुस्ती. सांगाडा कापणे ही वेगळी बाब. जुलै २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. त्यात गाडी मूळ स्वरूपात असण्याची, चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरबदल नसण्याची अट आहे. पद्मिनी नावाने निघालेल्या पहिल्या गाड्यांनी २०२४ पासून कुठे हा उंबरठा गाठायला सुरुवात केली. आज हौसेपोटी केलेले वेल्डिंग उद्या याच नोंदणीच्या आड येऊ शकते.

खरी अडचण वेगळीच आहे. किंगपिनचे बुश बसवून ते रीमरने नेमक्या मापाला आणणारे हात आता थोडे उरले आहेत. गाडीचा रंग पाच वर्षांनीही काढता येईल. तो मिस्त्री तेव्हा गॅरेजमध्ये असेलच असे नाही.