शेजाऱ्यापेक्षा पाच रुपये कमी

छापखान्यातले मला फार कळते असे नाही. १९७८ साली आमच्या तीर्थरूपांनी जालन्यातला सगळ्यांत स्वस्त छापखाना हुडकून माझी लग्नपत्रिका छापून घेतली. तीत माझ्या नावाआधी 'चि. सौ. कां.' आणि बायकोच्या नावाआधी नुसते 'चि.' असे छापून आले. शेकड्यामागे दोन रुपये वाचले म्हणून तीर्थरूप खूश! बायको मात्र आजही पत्रिकाच प्रमाण मानून घर चालवते.

त्यामुळे गांधी चमनजवळ भाचा छापखाना काढतोय म्हटल्यावर मी मुद्दाम गेलो. भांडवलासाठी अक्काने आपल्या पाटल्या बँकेत तारण ठेवल्या होत्या.

"भाव काय ठेवणार?" मी विचारले.

"त्यात काय एवढं, मामा? समोरच्याचं बिलबुक १२५ ला, आपलं १२० ला!"

"आणि समोरच्याने कशावरून ठरवलं?"

"त्यानं त्याच्या समोरच्यावरून."

म्हणजे भाव ठरवणारा मूळपुरुष अख्ख्या गल्लीत कोणी नाहीच!

वाचकहो, माझे भांडण आहे ते या पाच रुपयांशी. नव्या दुकानाची पायरी गिऱ्हाईक उगाच चढत नाही, हे मलाही समजते. पण भावासाठी आलेले गिऱ्हाईक भावासाठीच जाते. सहा रुपये कमी घेणारा उद्या उगवतोच.

मी कॅलेंडरचे पान फाडून मागे हिशेब मांडला. यंत्र सहा लाखांचे, पाच वर्षे चालेल असे धरले, तर महिना १०,०००. जागेचे भाडे ८,०००. वीज-दुरुस्ती ६,०००.

"आणि तुझा पगार?"

"माझा कशाला, मामा? दुकान तर आपलंच!"

"मग खाणार काय? शाई?"

पगार १२,००० लिहिला. एकूण ३६,०००. महिन्याचे तास दोनशे, पण यंत्र खरे चालणार त्यातले शंभर. बाकीचे गिऱ्हाइकाशी घासाघीस करण्यात आणि लाइटची वाट पाहण्यात जाणार. म्हणजे तासाला ३६० रुपये. पाच बिलबुकांना दीड तास म्हणजे ५४०, कागद-शाई-बांधणीचे २५०. झाले ७९०. आणि हा पठ्ठ्या घेणार ६००! उरलेले १९० कोण भरणार? अक्काच्या पाटल्या.

यंत्राचीही तीच तऱ्हा. कंपनीचा माणूस चार रंगांच्या ऑफसेटचे गुलाबी चित्र दाखवून गेला होता. आता चार रंगांना चार प्लेटा लागतात, रंग जुळेपर्यंत कागद वाया जातो. पत्रिका शंभर असोत की दहा हजार, ही तयारी तेवढीच. डिजिटलला प्लेट नाही, पण दहा हजाराव्या कागदालाही पहिल्याइतकाच खर्च.

"तुझ्याकडं कामं कुठली येणार?"

"शे-दोनशे पत्रिका, बिलबुकं, मोसंबीच्या पेट्यांची लेबलं."

"मग लहान डिजिटल घे. चांगलं कटिंग मशीन घे, नंबर घालायची सोय कर. दहा हजारांचं काम आलं तर ऑफसेटवाल्याकडून करून घे."

मुंबईच्या जावजी दादाजींनी आधी खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि मग १८६९ साली निर्णयसागर छापखाना. आधी कामाची ओळख, मग यंत्राची. आमच्याकडे आधी यंत्राची पूजा होते, पेढे वाटले जातात आणि मग काम शोधायला माणूस बाहेर पडतो.

भाच्याने ऐकले. बोर्ड लागला : बिलबुक १६५. नंबर चुकला तर फुकट छापून देऊ.

पंधरा दिवस फारसे कोणी फिरकले नाही. अक्काने माझ्याशी बोलणे टाकले. मीही त्या रस्त्याने जाणे सोडले.

सोळाव्या दिवशी समोरचा दुकानदार स्वतःच रस्ता ओलांडून आला. इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाला, "१६५ चा हिशेब कसा काढला, तेवढं सांगता का?"

त्याच्याही बायकोच्या पाटल्या बँकेतच होत्या.