पॉवर टिलर धूर ओकतोय? विकण्याआधी इंजिन उघडून पाहा

तळेघर परिसरातल्या लहान भातखाचरांत मोठा ट्रॅक्टर वळवणं अवघड. चिखलणीला पॉवर टिलरच सोयीचा. त्याचं इंजिन थकलं, तर दुरुस्ती की विक्री?

धूर काय सांगतो?
काळा धूर, ताकद कमी : आधी एअर फिल्टर आणि नोझल तपासा, थोडक्यात भागू शकतं. निळा धूर, ऑइल घटतंय : रिंग, पिस्टन, लायनर झिजल्याची शक्यता जास्त.

दुरुस्ती कधी?
क्रँक, गिअरबॉक्स शाबूत आणि सुटे भाग मिळत असतील, तर इंजिन बांधून घेणंच शहाणपणाचं. धूर ओकणाऱ्या मशीनचा भाव गिऱ्हाईक पाडूनच मागतं.

विक्री कधी?
ब्लॉकला तडा असेल किंवा दुरुस्तीचा खर्च चालू स्थितीतल्या जुन्या टिलरच्या निम्म्या किमतीवर जात असेल, तर मोह सोडावा.

अनुदानाचं काय?
'महाडीबीटी'वर अर्ज करता येतो. कमाल मर्यादेत अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्पभूधारकांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के. पण पूर्वसंमतीआधी नवा घेऊ नये, जुना विकूही नये. पाऊस मंजुरीसाठी थांबत नाही.

म्हणून हा निर्णय भातकाढणी उरकल्यावरच घ्यावा. जूनच्या तोंडावर घाई महागात पडते.