न्यायासनावर कोण बसतो?

वाचकहो, राष्ट्रपतींची सही झाली म्हणजे पात्रतेचा प्रश्न मिटला, असे आपणांस वाटते काय? १९९१ साली मिझोराम सरकारच्या विधी खात्याच्या सचिवांना गुवाहाटी उच्च न्यायालयाचे न्यायाधीश नेमणारे अधिपत्र निघाले. आपल्या संविधानाच्या २१७ व्या अनुच्छेदाप्रमाणे अशा व्यक्तीने दहा वर्षे न्यायिक पद सांभाळलेले असावे, किंवा तितकीच वर्षे उच्च न्यायालयात वकिली केलेली असावी. सचिव हा तर सरकारचा ताबेदार; त्याचे पद न्यायिक कसे मानावे? तरीही सल्लामसलतीच्या साऱ्या पायऱ्या ओलांडून ही नेमणूक वरपर्यंत पोहोचली. कोठेच अडली नाही. अखेर कुमार पद्मप्रसाद नामक वकिलाने न्यायालयात दाद मागितली आणि १० मार्च १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नेमणूक रद्द केली.

बंधुभगिनींनो, अत्याचाराचा खटला असो, जमिनीचा वा राखीव जागेचा तंटा असो, आपले गाऱ्हाणे याच न्यायासनापुढे जाते. तेथे सरकारच्या मर्जीतला माणूस बसला, तर सरकारविरुद्ध न्याय कोणापाशी मागावा? म्हणून नेमणुकीची वार्ता ऐकताच उमेदवाराची जात वा पक्ष पाहून हर्ष-खेद मानू नये. संविधानाने घातलेली अट तो पुरी करतो काय, हे आधी विचारावे. हा प्रश्न विचारणे म्हणजे न्यायालयाचा अवमान नव्हे. ते नागरिकाचे कर्तव्य आहे.